वीस किलोंचं माहेर

गडबच्या मैनाचा आजवरचा प्रवास म्हणजे पेणचा बाजार, रोह्याला लेकीचं सासर आणि नवस फेडायला एकदा पालीचा गणपती. तिच्या नशिबी विमान लिहिलेलं असेल, असं कुणी सांगितलं असतं तर तीच आधी हसली असती. पण वेळच तशी आली.

तिची एकुलती एक लेक शांती दुबईला होती. जावई पोपट आधी डोलवीला कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली वेल्डिंग करायचा. पुढे तो तिकडे गेला आणि जम बसल्यावर बायकोलाही घेऊन गेला. पहिलटकरीण लेक माहेरी येणार म्हणून मैनानं माजघराला नवा चुना लावून घेतला, बाज विणून घेतली. आणि निघायच्या तोंडावर शांतीचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली.

"आये, मला येता येत नाय गो," शांती फोनवर रडायला लागली. "तूच ये."

सासूचा पासपोर्ट पोपटनं मागल्या वर्षी हौसेनं काढून ठेवला होता. व्हिसा आणि तिकीट त्यानं पाठवलं. मैनाचा नवरा गुणाजी शेतातून आला तेव्हा बायको ओटीवर पिशव्या मांडून बसली होती.

"लेक म्हायेरी येत नाय, तर म्हायेर घेऊन मी जातंय," ती म्हणाली.

"कवढं नेता येतं?"

"वीस किलो."

गुणाजी टोपी काढून डोकं खाजवत राहिला. वीस किलोंत माहेर बसवायचं, हे त्यालाही अवघडच वाटलं.

मैनानं एकेक जिन्नस काढला. नाचणीचं पीठ, अळीव, बाळंतशेप, सुंठ, लाल पोहे, पेणचे पोह्याचे पापड, घरचे कडवे वाल. शांतीला जवळा आवडतो म्हणून ती सुकी, बारीक कोळंबी तीन पिशव्यांत गुंडाळली. तरीही वास येतच होता. गुटीसाठी हळकुंड, जायफळ, वेखंड आणि ते उगाळायला दगडी सहाण. आणि सगळ्यांत वर डबाभर डिंकाचे लाडू, चांगले तुपात वळलेले.

शेजारचा हिरामण बारा वर्षं दुबईला गवंडीकाम करून आलेला. तिकडचं काहीही असलं की गाव त्यालाच विचारायचं. तो आला, बॅगेत डोकावला आणि सहाण बघून हसत सुटला.

"वयनी, दगड घेऊन दुबयला? तिथं काय दगड नाय?"

"मग गुटी कशावर उगाळू, पोपटच्या डोक्यावर?"

हसत हसत त्यानं एक लाडू उचलला, तोडला आणि तोंडाशी नेता नेता थांबला. "यात खसखस घातलीव?"

"घातली तर! खसखशीबिगर डिंकाचा लाडू व्हतो?"

हिरामणनं लाडू डब्यात ठेवला. "वयनी, हे न्यायचं नाय. तिकडं खसखस म्हंजे अफूच. एक दाणा सापडला तरी आत टाकतात. बाकी सगला नेवा, पन हे नको."

मैनानं डबा पुढ्यात ओढला. निघायला मधे एकच दिवस उरला होता. खारीक कुटायची, खोबरं किसून भाजायचं, डिंक तळायचा. आणि मळणी चालू, घरात दुसरं बाईमाणूस नाही. लाडवांसाठी कुणी रडतं का? पण ती रडली. हिरामण बिचारा ओशाळून उठून गेला.

हे सगळं भिंतीपलीकडे हौसाला ऐकू गेलं.

हौसा मैनाची थोरली जाऊ. एकाच घराचे वाटणीत दोन भाग झालेले, मधे विटांची भिंत. हौसाचा नवरा विठू वारला, त्यानंतर बांधावरच्या फणसावरून दोघी जावांमध्ये शब्द झाले. शब्दानं शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. चार वर्षं एका विहिरीवर पाणी भरत होत्या, पण एकीची कळशी भरेपर्यंत दुसरी तोंड फिरवून उभी राहायची.

आणि हीच हौसा शांतीची दूधआई होती. शांती झाली तेव्हा मैना तापानं फणफणली होती, अंगावर दूध नव्हतं. त्याच महिन्यात हौसाचं बाळ आठवड्याचं होऊन गेलं होतं. तिनं शांतीला पदराखाली घेतलं. पुढे तिला मूल झालं नाही. शांती तिला "मोठी आय" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना चूल पेटवत होती. मागच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. हौसा होती. हातात सूप, सुपात कुटलेली खारीक, किसलेलं खोबरं आणि पुरचुंडीत डिंक.

"कढई ठेव," हौसा म्हणाली.

मैना बघतच राहिली.

"बघतस काय गो मैने? माज्यासाठी नाय आलंय. पोरीच्या कमरेत जोर नको?"

मैनानं कढई ठेवली. एकीनं डिंक तळला, दुसरीनं गूळ चिरला. फणसाचं नाव दोघींनीही काढलं नाही. "तूप कमी हाय," "आच बारीक कर," एवढंच बोलणं. पण चार वर्षांनी तेवढं तरी कानावर पडलं. धूर लागल्याचं निमित्त करून दोघींनी डोळे पुसले.

लाडू डब्यात भरून बॅग भात-गिरणीच्या काट्यावर नेली. बरोब्बर वीस किलो. मैना परत आली, तर हौसा अजून दारातच घुटमळत होती. पदराखालून तिनं एक गुंडाळी काढली.

"जागा असली तर ठेव. नसली तर राहू दे."

दुपटं होतं. तिच्या जुन्या मऊ लुगड्याचं, बारीक टाक्यांनी शिवलेलं. असलं काम एका रात्रीत होत नाही. शांतीला दिवस गेल्याचं कुठूनतरी कानावर आल्यापासून ही भिंतीपलीकडे बसून शिवत होती, हे मैनाला टाक्यांवरूनच कळलं.

तिनं बॅग उघडली. स्वतःची दोन लुगडी बाहेर काढली आणि त्या जागी दुपटं ठेवलं.

"आन् तू काय नेसशील?" गुणाजीनं विचारलं.

"असंल शांतीचं कायतरी."

दुबईच्या विमानतळावर बॅग उघडलीच. वर्दीतल्या बाईनं लाडू हुंगले, जवळ्यापाशी नाक धरलं आणि सहाण हातात घेऊन काहीतरी विचारलं. मैनाला अक्षर कळलं नाही. तिनं पोटापुढे हात गोल फिरवून दाखवला, मग रिकाम्या हातांनी बाळ जोजवलं आणि म्हणाली, "लेक. माजी लेक." त्या बाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, सहाण जपून परत ठेवली आणि चेन स्वतःच लावून दिली.

घरी शांतीनं बॅगेत हात घातला तो दुपट्यावरच पडला. तिनं ते नाकाशी धरलं.

"हे मोठ्या आयचं लुगडं."

"व्हय. तिनंच शिवलंय."

"बोलता तुमी दोघी?"

"लाडू वळलं की दोघींनी," मैना म्हणाली. शांतीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. पंधरवड्यानं तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या थंडगार दवाखान्यात पोरगी दुपट्यात गुंडाळली की गप्प व्हायची, एरवी सगळ्या वॉर्डाला जाग आणायची.

तीन महिन्यांनी मैना गडबला उतरली. सामान ओटीवर टाकलं, गुणाजीला "आलंय" म्हणाली आणि तशीच शेजारच्या दारात शिरली. हौसा वाल सोलत होती. मैना तिच्यापुढे बसली आणि टोपलीतले वाल ओढून सोलायला लागली.

"तिकडं काय नेसत व्हतीस?" हौसानं विचारलं.

"म्याक्सी."

"तू? म्याक्सी?" हौसा इतकी हसली की तिला ठसका लागला. मैनानं पाणी दिलं. मग हसू ओसरलं, आणि हौसानं मान खाली घालून हळूच विचारलं, "पोरगी कशी हाय गो?"

"डोकीवर केस दाट हायत. पाय सारखे झाडते. आन् भूक लागली की दम म्हणून धरत नाय."

"शांतीपन तशीच व्हती," हौसा म्हणाली. "पदर बाजूला करीपरेंत धीर नव्हता तिला."

"मला कुठं ठाव? मी तापात व्हते. तू सांग."

हौसानं हातातला वाल टोपलीत टाकला आणि सांगायला लागली.