अंगठ्याखालची काच

उज्जैनच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत प्राणिशास्त्राचे सर बसत. उंदीर, वटवाघूळ आणि गाय यांच्यात एकच पाचकरस घडवणारी आनुवंशिक सूचना गुणसूत्रांवर सारख्याच जागी असणार, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. गुणसूत्रं सुटी दिसावीत म्हणून उंदराच्या पेशींवर पातळ काच ठेवून ती अंगठ्याने दाबताना ते श्वास रोखून धरत. मध्येच कुणी बोललं की म्हणत, "रुको जी!"

छप्पन साली नवं राज्य होताना त्यांची बदली भोपाळला ठरली आणि रोज त्यांच्यासोबत घेतलेला माझा चहा बेचव झाला. ती रद्द झाल्याचं कळताच मी धावत सांगायला गेलो. त्यांनी नुसता डावा हात वर केला आणि दाबतच राहिले. अंगठा उचलला, तर काच तडकली होती. असं कधीच झालं नव्हतं.

"जाने दो," सर हसले, "उंदीर इथेच आहेत. आता आम्हीही."