जुनं सोल्डरिंग स्टेशन

काल मुलीने कथील वितळवून तारा जोडायचं नवं सोल्डरिंग स्टेशन लावलं. राळेचा धूर नाकात गेला आणि मी खोलीबाहेर आलो. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मला रेडिओ जोडायचा नाद होता. नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा मुलगा वारला होता, त्याचं सामान ते विकत होते. टेबलावर दोन स्टेशनं होती.

"नवं ने. जुनं राहू दे," काका म्हणाले.

पण जुन्याची मूठ त्या मुलाच्या बोटांनी झिजलेली, माझ्या हातात आपोआप बसली. "चालवून तर बघतो." टोक तापलं, जुनी राळ जळली, वास घरभर गेला.

आतून काकू म्हणाल्या, "बसलास का रे कामाला? चहा टाकते."

"हो म्हण," काका पुटपुटले. "मी रोज हे जुनं लावतो थोडा वेळ. वास आला की तिला तो घरात आहे असं वाटतं, चार घास जेवते."

"हो, आई," मी म्हणालो. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

तरीही मी जुनंच मागितलं. काकांनी नाही म्हटलं नाही, तोच मी होकार धरला. ते गरम असतानाच पिशवीत घालून निघालो, तेव्हा आत कपबशा वाजत होत्या.