उकंडाच्या कोंबड्या आणि उर्वशीची टाच

सरकी टोबावी ती सत्यशीलाबाईनंच, हे दारव्ह्याकडे तिच्या वैरिणीही कबूल करतात. नाही केलं तर ती वदवून घेते. चालता चालता भोकात बी टाकायचं, पायानं माती लोटायची, टाचेनं दाबायचं, मागे वळून पाहायचं नाही. पण बोंडअळीनं कपाशी पोखरली, तशी टोबणीची बोलावणी आटली. बाई आता आठवड्यातून दोनदा यवतमाळच्या जीपमध्ये दिसू लागली, कडेवर उर्वशी.

लेक सात वर्षांची. नाव अप्सरेचं, पण सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ताठ, चालणं चवड्यांवर. यवतमाळच्या फिजिओथेरपी केंद्रात सुरभी मॅडम तिला एक चष्मा घालायच्या. त्यातून कोऱ्या फरशीवर पावलं उमटलेली दिसत. टाच नीट टेकली की पाऊल हिरवं होई, घंटी वाजे. एकदा हौसेनं सत्यशीलाबाईनंही तो चढवला, अन् साडी वर धरून सगळी पावलं चुकवत भिंतीपर्यंत गेली.

"मावशी, त्यांच्यावरच पाय द्यायचा!"

"दुसऱ्याच्या ओळीत कायले पाय देऊ?"

चष्म्यात उर्वशी झकास चाले. काढला की पुन्हा चवडे. अन् चष्मे केंद्रात चाचणीपुरतेच आलेले, महिन्याभरात परत जाणार होते. मॅडमनी सांगितलं, "शेवटच्या दिवशी चष्म्याशिवाय पाहू. टाच टेकलीच नाही, तर पायांना प्लास्टर." प्लास्टर म्हणजे शाळा बंद. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी बाईनं अंगणात बांबूचा कठडा बांधला, त्याच्या कडेनं मातीत डाव्या-उजव्या पायाच्या दोन ओळी धरून पावलापावलावर भोकं पाडली अन् लेकीच्या मुठीत मक्याचे दाणे दिले. "टाक, लोट, टाचेनं दाब."

शेजारच्या उकंडानं कुंपणावरून मान काढली. "काहून वो वहिनी, अळीले आता अंगणात बोलावून राह्यली काय?"

"तू शेजारी असल्यावर आनखी कायले बोलावू?"

उकंडाच्या कोंबड्या मात्र त्याच्यापेक्षा कामाच्या निघाल्या. टाचेनं दाबलेला दाणा राही. नुसता चवडा लागला की उकरून गट्टम. उर्वशी रडली, उकंडाला शिव्या दिल्या, सकाळी पुन्हा पेरायला उभी. आठवड्यानं डाव्या ओळीत कोंब वर आले. उजवीकडे टक्कल.

"माय, उजवा लबाड हाय."

"मग त्यालेच कामाले लाव."

शेवटच्या दिवशी चष्मा पेटीतच राहिला. सत्यशीलाबाईनं तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद होती. ही शिक्षा तिला प्लास्टरहून जड. उर्वशीच्या टाचा तीन पावलं टेकल्या. चौथ्याला उजवी उचलली. पाचव्याला दोन्ही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाकावरून आवाज आला, "कुक्, कुक्, कुक्!"

मॅडम दचकल्या. उर्वशीनं वळूनही न पाहता उजवी टाच दाणकन टेकवली. "खाय आता!"

भिंतीपर्यंत वीस पावलं, त्यातली तेरा टाचेची. "प्लास्टर तीन महिने थांबवू," मॅडम म्हणाल्या, "पण मावशी, बोलू नका म्हटलं होतं ना?"

"मी कुठं बोलली? कोंबडी बोलली."

घरी येताच बाईनं मूठभर मका कुंपणापलीकडे भिरकावला. कोंबड्या धावल्या, मागोमाग उकंडा.

"अन् मले?"

"तू काय उकरलं?"