पक्क्या मतांची गल्ली

माझ्या थोरल्या बहिणीला लोक 'साहेबांची ताई' म्हणतात. साहेब म्हणजे आमच्या भागातून वर्षानुवर्षं निवडून येणारे. आता ते थकलेत आणि गादी मुलाकडे गेलीय. त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणतात. ताई त्यांच्या ऑफिसात मागच्या खोलीत बसून मतदारांना फोन करायची. पगार बेताचाच. पण ऑफिसचं नाव काढलं की तिचा चेहरा असा खुलायचा, की मला तिची फिरकी घ्यावीशी वाटायची. मी घ्यायचेही. "आज सासरी काय विशेष?" असं विचारायचे. ती हसायची. राग येण्याइतकी ती शहाणी कधीच नव्हती.

पूर्वी फोनचं काम साधं होतं. कुणाकडे पाणी आलं नाही, कुणाच्या आईला दवाखान्यात खाट मिळत नाही, हे ऐकून घ्यायचं आणि आत जाऊन सांगायचं. मग निवडणुकीची आखणी करायला टॅबवाली मॅडम आली. तिने अख्खी मतदारयादी टॅबमध्ये घातली आणि प्रत्येक घराला रंग द्यायला सांगितला. हिरवे म्हणजे आपले, पक्के. लाल म्हणजे हातचे गेलेले. पिवळे म्हणजे कुंपणावर बसलेले. फोनवर दोन गोष्टी विचारायच्या, बोलण्यावरून अंदाज बांधायचा आणि रंग दाबायचा. मॅडम वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. ताईला शिकवताना ती एकदाही वैतागली नाही, आणि ताईला शिकवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तिला मोबाइल मी शिकवलाय.

ताईने इमानेइतबारे सगळा भाग फोनवरून पालथा घातला. फक्त आमच्या गल्लीला फोन केला नाही. "घरच्या माणसांना काय विचारायचं?" असं म्हणून तिने खुर्चीत बसल्या बसल्या गल्ली हिरवी करून टाकली. कोपऱ्यावरचा शिंपी, वरच्या मजल्यावरची नर्स, समोर राहणारी मी, सगळे हिरवे. मला विचारलं असतं तर मी चार शब्द ऐकवले असते. बैठकीत मॅडमने पडद्यावर नकाशा लावला तेव्हा आमच्या गल्लीइतकं हिरवंगार दुसरं काही नव्हतं. ताईसाठी टाळ्या वाजल्या. त्या दिवशी घरी आली ती तरंगतच.

खाली गल्लीत मात्र घाण तरंगत होती. गटाराचा पाइप बदलायला म्हणून रस्ता खणला आणि तसाच सोडून दिला होता. पाणी ताईच्या उंबऱ्यापर्यंत साचायचं. आम्ही विटांवरून उड्या मारत जायचो, पण भावजींना ते कसं जमणार? त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. त्याआधी हा माणूस बस चालवायचा. झटक्यानंतर चाकांच्या खुर्चीतून शिंप्याच्या दुकानापर्यंत जायचं आणि मोठ्या रस्त्यावरच्या बस बघत बसायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. रस्ता खणल्यापासून तेही गेलं. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवायला हाक मारली तरी वळायचे नाहीत. ताईला दुसरं काही नको होतं. गल्ली नीट व्हावी आणि नवरा पुन्हा बाहेर बसावा, एवढंच.

तिने तक्रार नोंदवली, स्वतःच्याच ऑफिसात. मग पुन्हा नोंदवली. पलीकडच्या गल्लीत, जिथे रस्ता धड होता, तिथे नवी फरशी बसली. शेवटी तिने मॅडमला विचारलं. मॅडमने टॅब तिच्याकडे वळवला.

"ताई, तुमची गल्ली पक्की आहे. तिथे काम केलं काय, नाही केलं काय, मतं तेवढीच पडणार. निधी थोडा आहे. जिथे मत फिरू शकतं, तिथेच लावावा लागतो."

हे सगळं ताईने मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, "तिचंही बरोबरच आहे गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे पाठीशी उभं राहिलं म्हणून घाणीत राहायचं?" मी म्हटलं. "तू त्यांच्या खिशात आहेस. खिशातल्या माणसाची कोण विचारपूस करतं?"

ती भावजींचं ताट उचलून आत गेली. त्यातला एक घासही मोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या एकेका घराला फोन लावला. पहिल्यांदाच. जे ऐकायला मिळालं त्याने ती पार खचली. शिंपी म्हणाला, "ताई, तुमच्याकडे बघून गप्प बसतो. पण मत काही ठरवलेलं नाही." नर्स म्हणाली, यावेळी दुसऱ्यांना देऊन बघावं म्हणते. ही रोज दारात थांबून हसणारी माणसं. कुणालाही खोटं खोटं पिवळं करावंच लागलं नाही. मला तर तिने न विचारताच लाल करून टाकलं, आणि ते बरोबरच केलं. हिरवं राहावं असं घर गल्लीत एकच होतं, तिचं स्वतःचं. तेही तिने आपल्या बोटाने पिवळं केलं. ऑफिसशी तिने केलेली लबाडी ती एवढीच.

मग काय, सूत्रं भराभर हलली. पाइप बसला, वर काँक्रीट पडलं. ते वाळलं आणि धाकटे साहेब जातीने आले, कारण पिवळ्या घरांना प्रत्यक्ष भेट द्यायची असते. मोबाइलमध्ये बघत ते एकेका दाराशी थांबत होते. ताईच्या दारात भावजी दाढीबिढी करून, धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसले होते. साहेबांनी मोबाइलमध्ये वाचून त्यांना नावानिशी हाक मारली, हात हातात घेतला, तब्येत विचारली. ताई पाणी घेऊन बाहेर आली. पाणी पिऊन त्यांनी पेला परत दिला आणि तिला हात जोडले.

"ताई, यावेळी आमचा विचार करा."

इतकी वर्षं ही बाई त्यांच्याच मागच्या खोलीत बसत होती. त्यांनी तिला ओळखलं नाही. "हो साहेब," ती म्हणाली. मी समोरच्या दारातून बघत होते. तोंडाशी आलेली शिवी मी भावजींच्या चेहऱ्याकडे बघून गिळली. कितीतरी दिवसांनी ते बाहेर बसले होते.

पुढच्या आठवड्यात मॅडमने ताईला बोलावून घेतलं. ताईच्या डोळ्यांदेखत गल्ली हातची निसटली, आणि तिचं घरसुद्धा, असं म्हणत तिने ताईला कामावरून काढलं. "फोनवर विश्वासातली माणसं लागतात, ताई. वाईट वाटून घेऊ नका." ताई तिला म्हणाली, नाही वाटून घेत. घरी येऊन मात्र मोरीतला नळ मोठा सोडून रडली.

मतदानाला आम्ही दोघी बरोबरच गेलो. रांगेत मी तिच्या कानाशी लागले होते, आज तरी यांना इंगा दाखव म्हणून. ती मान हलवत होती. मला वाटलं, आलं एकदाचं डोक्यात.

बाहेर पडल्यावर विचारलं, "दाखवलास ना?"

"साहेबांनाच दिलं," ती म्हणाली.

मी रस्त्यातच थांबले. "अगं, का?"

"इतकी वर्षं दिलं. हात दुसरीकडे जातच नाही गं."

मला तिचा भयंकर राग आला. तिच्याशी न बोलता मी घरापर्यंत चालत आले. भावजी शिंप्याच्या दुकानाशी बसले होते, त्यांनी आम्हाला बघून हात वर केला. मॅडमचा हिशोब चुकलेला नव्हता. गल्लीत एक खोरं माती टाकली नसती, तरी माझ्या बहिणीचं मत त्यांनाच पडलं असतं.