पंपाची गुरगुर आणि चार महिने

अंधेरीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी पंप ऐकण्याचा पगार घेतला. कागदावर माझं पद तंत्रज्ञ. प्रत्यक्षात रोज सकाळी लांब पेचकसाचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करायचा. चेहरा अत्यावश्यक! यंत्रातली हवा ओढून निर्वात करणं हे या पंपाचं काम; निर्वात नीट असलं की पंप सुकी टकटक करतो. कुठून हवा शिरली की गुरगुरतो. नोंदवहीत दाबाचा रकाना होता, तापमानाचा होता, आवाजाचा नव्हता. मी शेऱ्यात ‘ठीक’ लिहायचो.

पन्नाशीत त्या टकटकीनं जीव नको केला. घरी जेवतानाही डोक्यात तीच. मग मीच साहेबांच्या मागे लागलो आणि साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून पंपासाठी प्लायची पेटी करून आणली, आतून फोम लावलेली. काय शांतता, वा! सकाळचं ऐकणंही सोडलं. आता पडद्यावर आकडा दिसतोच की.

आमची एक पीएचडीची मुलगी होती, भांडुपची. तिच्या प्रबंधाचा शेवटचा नमुना तेव्हा यंत्रात तापत होता. पाच आठवडे निर्वातात राहायचा होता. मुदत संपत आलेली, दुसरा नमुना करायला वेळ नव्हता.

चौथ्या आठवड्यात पेटीला सहज हात लागला आणि चटका बसला. झाकण काढलं तर आत पंप गुरगुरत होता. बंद पेटीत तापून त्याचं तेल पातळ झालेलं, निर्वात गेलेलं. दाबाचा मापक कधीतरी बंद पडला होता आणि पडद्यावर जुनाच आकडा ठाण मांडून बसला होता. चांदीसारखा चकचकीत नमुना हवा लागून चहासारखा तपकिरी झाला होता.

“वाट लागली, काका,” ती म्हणाली.

“पेटी माझी गं. मीच मागितली होती.”

“माहितीये. मीच म्हटलं होतं ना, झकास झालीये म्हणून?”

मुदतवाढीसाठी तिला समितीसमोर उभं राहायचं होतं. चूक तिची नाही हे सांगायला मीही गेलो. एका मॅडमनी विचारलं, “पंप बिघडला होता, हे तुम्ही कशावरून ठरवलं?”

“आवाजावरून.”

“त्याची काही नोंद?”

नोंद कुठली! मग मी उभा राहिलो आणि तोंडानं पंप झालो. आधी निरोगी, मग आजारी. आजारी पंप मी फार मन लावून केला, शेवटी खोकलाच आला. सगळे खाली बघून हसू दाबत होते. कोपऱ्यातले निवृत्तीला आलेले सर तेवढे हसले नाहीत.

“दुसरा आवाज पुन्हा करा,” ते म्हणाले. मी केला. “हाच. माझाही एक नमुना याच्यातच गेला होता. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.”

चार महिने मिळाले. कागदावर कारण पडलं, ‘उपकरणातील बिघाड’.

बाहेर येऊन आम्ही जिन्यावर बसलो. आनंद करायला अंगात त्राण नव्हतं.

“परत पहिल्यापासून, काका.”

“हो गं.”

“पाच मिनिटं बसू?”

आम्ही अर्धा तास बसलो.