तापलेली मोटर आणि तापलेले काका

मे महिन्यातल्या भर दुपारी मी नागपूरची रेल्वे पकडायला अमरावतीहून बडनेऱ्याला निघालो होतो. ई-रिक्षा चालवणारी बाई पन्नाशीची होती, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. मधूनमधून मान तिरकी करून ती मोटरचा आवाज ऐकायची. उड्डाणपुलाच्या अलीकडे तिनं रिक्षा कडुनिंबाखाली थांबवली, मागं जाऊन मोटरला हात लावला आणि झटकन काढला.

"उतरा. मोटर लय तापली."

माझ्या शेजारचे काका उखडले. "माही गाडी चुकते ना बाई! पानी टाक तिच्यावर अन् चाल!"

"गरम मोटरवर पानी नाई टाकत, बिघडते थे. तिले सावली पायजे," ती हसत म्हणाली आणि स्वतःची बाटली तिनं काकांपुढं धरली. "पानी तुमी घ्या. तुमीबी लय तापले."

सगळ्यांत आधी काकाच हसले. पुढं चढावर मोटरला ओझं नको म्हणून ते आपणहून पायी पूल चढले, मग मलाही चढावं लागलं.

बडनेऱ्याला पोचलो तेव्हा रेल्वे फलाटाला लागतच होती. पळता पळता मी मागं वळून पाहिलं. ती घामानं चिंब भिजलेली बाई रिक्षामागं वाकून मोटरला पुठ्ठ्यानं वारा घालत होती, आणि तिच्याशी काहीतरी बोलतही होती.