वॉल्टच्या झाडांवरचे मधाच्या रंगाचे थेंब

"फोकस नीट झाला की आज दुपारीच कापतो," वॉल्ट म्हणाला आणि मायक्रोस्कोपच्या चाकावरचा माझा हात थांबला.

२००४ सालचा ऑक्टोबर. अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या एका कंपनीत मी मायक्रोस्कोप दुरुस्त करायचो. कॉल साधा होता: फोकस घसरतो. वॉल्ट बायॉलॉजीचा निवृत्त शिक्षक. शाळेने मोडीत काढलेला मायक्रोस्कोप त्याने मागच्या अंगणातल्या काचघरात ठेवला होता. शेजारी माझ्या डोक्याइतकी उंच तीन झाडं. गांजाची.

माझा चेहरा बघून त्याने डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. त्याची बायको जीन कॅन्सरची पेशंट. केमोनंतर तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं; गांजाने मळमळ थांबायची. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात अशा पेशंटला सूट होती. केंद्राच्या कायद्यात नव्हती. आणि माझा ग्रीन कार्डचा अर्ज केंद्राच्याच कुठल्यातरी टेबलावर पडून होता.

"कापायची वेळ कळते कशी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"फुलांवर बारीक चिकट थेंब असतात. पारदर्शक असले तर कच्चे. दुधाळ झाले की तयार. मधाच्या रंगाचे झाले की उशीर करायचा नाही. माझे सगळे मधाच्या रंगाचे दिसतायत. बघतोस?"

"नको."

आमच्या धंद्याचा नियम असा की दुरुस्तीनंतर यंत्र गिऱ्हाइकाच्या नमुन्यावर तपासायचं. मी मात्र बॅगेतली माझी टेस्ट स्लाइड काढली. तिच्यावर नुसत्या काळ्या रेघा असतात. रेघा स्वच्छ दिसल्या. सही घेतली आणि निघालो. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

ऑफिसात रिपोर्ट भरताना मात्र चैन पडेना. फॉर्मवर एक रकाना होता: फिल्टर. या जुन्या मायक्रोस्कोपचा दिवा पिवळट असतो. म्हणून त्याच्यापुढे निळी काच बसवतात, मग उजेड पांढरा पडतो. वॉल्टच्या दिव्यापुढे काच होती का? बराच वेळ आठवेना. मग आठवलं, खाच रिकामी होती. काळी रेघ पिवळ्या उजेडातही काळीच दिसते. पारदर्शक थेंब मात्र मधाच्या रंगाचा दिसणार.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. परत लावला. माझी तगमग बघून मॅनेजर कुलकर्णी टेबलापाशी आला.

"काय झालं रे?"

सांगितलं.

"जॉब क्लोज केलास ना? मग सोड ना यार."

"तो कच्ची झाडं कापतोय."

"कापू दे. तुझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. कशाला उगाच लफड्यात पडतोस?"

तो बोलत होता ते खोटं नव्हतं. मी गाडीची किल्ली उचलली, ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा उचलली, स्टोअरमधून एक निळी काच घेतली आणि निघालो.

पोचलो तेव्हा एक झाड आडवं पडलं होतं. वॉल्ट कात्री घेऊन दुसऱ्यापाशी उभा होता. जीन झोपली होती म्हणून फोन घरात, बारीक आवाजावर ठेवलेला.

"थांब," मी म्हणालो आणि काच खाचेत सरकवली. या वेळी त्याच्याच झाडाचं फूल भिंगाखाली ठेवलं. मी पाहिलं, मग त्याने पाहिलं. तो बराच वेळ वाकून उभा होता.

"पारदर्शक आहेत," तो म्हणाला. "सगळे."

मग तो माझ्याकडे वळला.

"सकाळी दिसलं असतं हे?"

"हो. मी बघायलाच तयार नव्हतो."

त्याने कात्री खाली ठेवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

उरलेली दोन झाडं त्याने अडीच आठवड्यांनी कापली. ती कामी आली. जीन सूप प्यायला लागली, असं त्याने स्वतः फोन करून कळवलं. आडव्या पडलेल्या झाडाचा काही उपयोग झाला नाही. तीन झाडांवर तिच्या सगळ्या केमो निभावतील असा त्याचा हिशेब होता. दोन झाडं अर्थातच पुरली नाहीत. शेवटच्या दोन केमो जीनने गांजाशिवाय, तशाच काढल्या.

तेव्हापासून गिऱ्हाइकाचा नमुना भिंगाखाली ठेवल्याशिवाय मी सही घेत नाही. नमुना कसलाही असो.